फोन धडधाकट, मग ॲप का चालत नाही?

खरिपाचा हंगाम ऐन भरात असताना दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी शेजारचे काकाजी आपला फोन घेऊन माझ्याकडे आले. फोन सात वर्षांपूर्वीचा होता, पण जपून वापरलेला: काचेवर ओरखडा नाही, बॅटरी दिवसभर टिकते, बोलणे स्वच्छ ऐकू येते. शेतीच्या कामाचे एक ॲप त्यांना फोनमध्ये घ्यायचे होते आणि दर वेळी पडद्यावर एकच ओळ उमटत होती, की हे ॲप या उपकरणाशी सुसंगत नाही. "फोन तं चांगला चालून राह्यला गुरुजी, मंग हे ॲप काहून नाही घेत?" असे त्यांनी विचारले. फोन बिघडला आहे असे त्यांनी गृहीत धरले होते आणि दुरुस्तीला किती पैसे लागतील एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते. प्रत्यक्षात फोनमध्ये काहीच बिघडलेले नव्हते, आणि ते समजावून सांगायला मला तासभर लागला.

हा प्रश्न आता एकट्या काकाजींचा राहिलेला नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावरचा पेरा शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून मोबाईलवरून नोंदवावा असे ठरले. २०२५-२६ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर 'कपास किसान' या ॲपवर आधी नोंदणी करणे आवश्यक झाले. वीज पडण्याचा इशारा देणारे 'दामिनी' आणि हवामानावर आधारित पीक सल्ला देणारे 'मेघदूत' हीदेखील ॲपच आहेत. ॲप ही केवळ करमणुकीची वस्तू होती, तोवर एखादे ॲप न चालणे ही किरकोळ गैरसोय होती. आता त्यावर सातबाऱ्याची नोंद आणि कापसाचा भाव अवलंबून आहे. म्हणूनच कोणत्या फोनवर कोणते ॲप चालणार हे नेमके कोण ठरवते, हे प्रत्येकाला माहीत असले पाहिजे असे मला वाटते.

रुळांची रुंदी

फोन हे एक यंत्र आहे. त्याच्या पडद्याकडून, कॅमेऱ्याकडून आणि चिपकडून काम करून घेणाऱ्या मूळ आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आज जगात अशा दोनच मोठ्या आज्ञावल्या उरल्या आहेत: गूगलची अँड्रॉइड आणि ॲपलच्या आयफोनमधली आयओएस. या आज्ञावलीभोवती उभी राहिलेली ॲप, ती मिळण्याचे दुकान, खाते उघडण्याची पद्धत आणि मालक कंपनीचे नियम या सगळ्यांना मिळून प्लॅटफॉर्म असे नाव आहे.

प्लॅटफॉर्म म्हटले की आपल्याला फलाट आठवतो, परंतु इथे फलाटापेक्षा रूळ डोळ्यांपुढे आणणे अधिक उपयोगाचे आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर हा शकुंतला या छोट्या रेल्वेगाडीचा मार्ग १९०३ मध्ये सुरू झाला, तो वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी. त्याच्या दोन रुळांमधले अंतर अडीच फूट होते. मूर्तिजापूरहून मुंबईकडे जाणारा मुख्य मार्ग मात्र साडेपाच फुटांचा. डबा मजबूत असो, आतला कापूस कितीही चांगला असो, शकुंतलेचा डबा त्या मोठ्या रुळांवर चढू शकत नसे. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. ॲप हे अशा डब्यासारखे असते. ते ज्या रुळांसाठी बांधले, त्याच रुळांवर धावते. अँड्रॉइडसाठी लिहिलेले ॲप आयफोनवर चढत नाही आणि आयफोनचे ॲप अँड्रॉइडवर चालत नाही, मग दोन्ही फोनांच्या किमती काहीही असोत.

काकाजींच्या फोनची अडचण याच्याही पुढची होती. त्यांचे रूळ अँड्रॉइडचेच होते, पण जुने. अँड्रॉइडची नवी आवृत्ती साधारण दरवर्षी निघते आणि ॲप तयार करणारे लोक अमुक आवृत्तीपासून पुढच्याच फोनांवर आपले ॲप चालेल अशी खालची मर्यादा घालून ठेवतात. त्यांचा फोन त्या मर्यादेच्या खाली राहिला होता.

ॲप तयार करणाऱ्याचे गणित

मग सगळ्या रुळांवर चालेल असा डबा कोणी का बांधत नाही? त्याचे उत्तर पैशांत आणि मनुष्यबळात आहे. अँड्रॉइडचे ॲप बहुधा कोटलिन किंवा जावा या संगणकीय भाषांत लिहितात, आयफोनचे स्विफ्टमध्ये. एकदाच लिहून दोन्हीकडे चालवण्याची साधने आता आहेत, परंतु त्यांनीही सगळे काम निम्म्यावर येत नाही. कॅमेरा, ठिकाण ओळखणे, सूचना पाठवणे, पैसे देणे ही कामे प्रत्येक प्लॅटफॉर्मवर वेगळ्या दाराने होतात. प्रत्येक दार तपासावे लागते आणि मालक कंपनीने दार हलवले की पुन्हा सुतारकाम निघते. शिवाय हा एकदाचा खर्च नाही, ॲप जिवंत आहे तोवर तो चालूच राहतो.

भारतात शंभर स्मार्टफोनांपैकी सुमारे ९५ अँड्रॉइडचे आहेत. त्यामुळे ॲप बनवणारा पहिला विचार अँड्रॉइडचा करतो, मग पैसे खर्च करणारे ग्राहक तिकडे आहेत म्हणून आयफोनचा करतो, आणि तिसऱ्या कोणत्या प्लॅटफॉर्मवर शंभरात एखादाच फोन असेल तर तिथवर जातच नाही. यात त्याचा दुष्टपणा काही नाही. आपल्याकडे शेजारच्या गावी बुधवारचा बाजार वर्षानुवर्षे भरत असताना एखाद्या गावाने त्याच दिवशी आपला नवा बाजार भरवायचा म्हटले, तर भाजीवाले म्हणतील गिऱ्हाईक दिसले की येऊ, आणि गिऱ्हाईक म्हणेल भाजीवाले आले की येऊ. जागा ऐसपैस असली, सावली असली, तरी तो बाजार उभा राहत नाही. नव्या प्लॅटफॉर्मची गत नेमकी अशी होते. जिथे सगळे आधीच आहेत तिथेच जाण्यात प्रत्येकाचा फायदा असतो, आणि या ओढीमुळे मोठा बाजार आणखी मोठा होत जातो.

नोकियासारख्या कंपनीलाही हे का जमले नाही?

ज्या कंपनीचा टॉर्चवाला ११०० फोन २००३ पासून शेतात, गोठ्यात आणि चुलीजवळ सारख्याच विश्वासाने वापरला गेला, ती नोकिया स्मार्टफोनच्या शर्यतीतून बाहेर कशी पडली, हे आपल्या पिढीला पडलेले कोडे आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोन या आज्ञावलीची निवड केली आणि त्याच वर्षाअखेर लुमिया फोन बाजारात आणले. फोन देखणे होते, कॅमेरे उत्तम होते आणि कमी किमतीच्या फोनांवरही ती आज्ञावली सुरळीत चालत असे. कमी होती ती ॲपची. इन्स्टाग्राम विंडोज फोनवर आले ते २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये, आयफोननंतर तीन वर्षांनी.

इथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. यूट्यूब, नकाशे आणि जीमेल ही लोकांच्या रोजच्या वापरातली ॲप गूगलची होती, आणि गूगल ही विंडोज फोनची थेट प्रतिस्पर्धी होती. तिने विंडोज फोनसाठी स्वतःचे पूर्ण यूट्यूब ॲप काढले नाही. मायक्रोसॉफ्टने स्वतः तयार केलेले ॲप ऑगस्ट २०१३ मध्ये गूगलने बंद पाडले, आणि नियम पाळले नाहीत असे कारण दिले. कोणाची बाजू किती खरी, हा वाद बाजूला ठेवला तरी ग्राहकाच्या हाती काय आले ते स्पष्ट आहे: फोन एका कंपनीचा आणि त्यावर काय पाहता येईल हे ठरवणार दुसरी कंपनी. मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोन व्यवसाय सुमारे ७२० कोटी डॉलरला घेण्याचा करार २०१३ मध्ये केला. २०१४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि २०१५ मध्ये ७६० कोटी डॉलरची रक्कम बुडीत म्हणून हिशेबातून काढून टाकावी लागली. ३१ डिसेंबर २०१९ नंतर विंडोज फोनवरचे व्हॉट्सॲपही बंद झाले.

ब्लॅकबेरीने उलट चूक केली. तिची संदेश पाठवण्याची सेवा अतिशय लोकप्रिय होती, पण ती अनेक वर्षे फक्त ब्लॅकबेरीच्याच फोनवर ठेवली, म्हणजे लोक त्या सेवेसाठी ब्लॅकबेरी घेतील. ऑक्टोबर २०१३ मध्ये दार उघडून ती अँड्रॉइड आणि आयफोनवर दिली, तोवर लोक व्हॉट्सॲपवर स्थिरावले होते. ॲपलनेही आपली आयमेसेज सेवा अँड्रॉइडवर कधीच दिली नाही. अमेरिकेतल्या एका खटल्यात पुढे आलेल्या पत्रव्यवहारात कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्याचे कारण उघडपणे लिहिले होते: ही सेवा अँड्रॉइडवर दिली, तर आयफोन वापरणाऱ्या घरांना मुलांसाठी अँड्रॉइड फोन घेण्यातली अडचण दूर होईल. तांत्रिक अडचण हे नेहमीच खरे कारण नसते, हे समजायला एवढा एक दाखला पुरेसा आहे.

गावाकडे याचा सर्वांत जवळचा अनुभव २०१७ मध्ये आलेल्या जिओफोनचा. दीड हजार रुपये अनामत भरून मिळणाऱ्या या बटनांच्या फोनवर कायओएस नावाची हलकी आज्ञावली होती. त्यावर व्हॉट्सॲप यायला सप्टेंबर २०१८ उजाडला. पुढे जून २०२४ मध्ये व्हॉट्सॲपने कायओएसच्या फोनांवर नव्याने ॲप घेणे बंद केले. ज्या बाईने मुलीचा फोटो पाहता यावा एवढ्यासाठी असा फोन घेतला होता, तिच्या फोनची बटने त्यानंतरही शाबूतच होती.

दारावरचा राखणदार आणि पथकर

ॲप तयार झाले तरी ते आपल्यापर्यंत पोहोचते एका दुकानातून. आयफोनसाठी ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुमारे ५०० ॲपसह सुरू झाले. अँड्रॉइडसाठी गूगलचे प्ले स्टोअर आहे. भारतात आयफोनवर दुसरे दुकान चालत नाही. अँड्रॉइडवर दुसरीकडून ॲप घेता येते, पण त्या वाटेवर इतके इशारे दिसतात की सामान्य माणूस पुढे जात नाही.

दुकानाचा मालक दोन कामे करतो. तो राखणदार म्हणून ॲप तपासतो, आणि ॲपमधून विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूंवर कमिशन घेतो. हे कमिशन अनेक वर्षे ३० टक्के होते. २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमाई असणाऱ्यांसाठी दोन्ही कंपन्यांनी ते १५ टक्क्यांवर आणले. बियाणे, एसटीचे तिकीट किंवा किराणा यांवर ते लागत नाही. एखाद्या ॲपमधला अभ्यासक्रम, गाणी किंवा वर्गणी यांवर लागते. ही रक्कम शेवटी ग्राहकाच्या किमतीत मिसळते, आणि ती पावतीवर वेगळी दिसत नसल्यामुळे तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

राखणदाराची सत्ता किती, हे भारताने दोनदा उघड पाहिले. १८ सप्टेंबर २०२० रोजी पेटीएम काही तासांसाठी प्ले स्टोअरवरून काढले गेले. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून लग्न जुळवणारी आणि नोकरी शोधून देणारी अनेक भारतीय ॲप हटवली गेली आणि सरकारने मध्यस्थी केल्यावर काही दिवसांत परत आली.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो रास्त आहे: राखणदार नसेल तर चोर शिरतील. गावागावांत व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका, वाहनाचा दंड किंवा शेतकरी सन्मान निधी यांच्या नावाने एपीके फाइल येतात. एपीके म्हणजे दुकानाबाहेरून थेट बसवायचे ॲप. तशी फाइल उघडून लोकांची खाती रिकामी झाली आहेत. म्हणून मी स्वतः गावकऱ्यांना दुकानाबाहेरचे ॲप घेऊ नका असेच सांगतो. परंतु तपासणी करणे आणि पथकर वसूल करणे ही दोन निराळी कामे आहेत. बाजार समितीच्या आवारात काटा नीट असावा, माल तपासला जावा, हे प्रत्येकाला हवे असते. पण तो काटा, ते आवार आणि आवारातले सर्वांत मोठे अडत दुकान अशा तिन्ही गोष्टी एकाच धन्याच्या असतील, तर शेजारच्या अडत्याचा माल तो कसा तोलेल, हा प्रश्न शेतकरी विचारल्याशिवाय राहणार नाही. गूगल आणि ॲपल यांची स्वतःची ॲप त्याच दुकानात इतरांच्या ॲपशी स्पर्धा करतात, एवढे सांगितले की तुलना पुरी होते. युरोपीय संघाने कायदा करून मार्च २०२४ पासून ॲपलला तिथे इतर दुकानांना वाट द्यायला लावली. गूगलनेही दुकानाबाहेरच्या ॲपसाठी कर्त्याची ओळख पटवण्याची सक्ती २०२६ पासून काही देशांत टप्प्याटप्प्याने आणायचे जाहीर केले आहे. त्यातून फसवणूक रोखली जाईल की राखणदाराची पकड आणखी घट्ट होईल, यावर जाणकारांमध्ये दोन तट आहेत.

अँड्रॉइड तर सर्वांसाठी मोकळे आहे ना?

हा दुसरा आक्षेप. अँड्रॉइडची मूळ आज्ञावली कोणीही फुकट घेऊन वापरू शकतो, हे खरेच आहे. मात्र प्ले स्टोअर, नकाशे, यूट्यूब आणि त्यांना आतून जोडणाऱ्या गूगलच्या सेवा त्या मोकळ्या भागात येत नाहीत. त्यांच्यासाठी फोन कंपनीला गूगलशी करार करावा लागतो. पुष्कळशी ॲप या आतल्या सेवांवर टेकून लिहिलेली असल्यामुळे त्यांच्याशिवायचा अँड्रॉइड म्हणजे नांगरलेले पण विहीर नसलेले वावर होते. मे २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे हुआवे कंपनीला नव्या फोनांवर गूगलच्या सेवा देता येईनाशा झाल्या. फोन तेच, कारागिरी तीच, तरी चीनबाहेर त्यांची विक्री घसरत गेली, कारण लोकांना हवी ती ॲप त्यावर सहज मिळेनात.

भारतात या करारांची चौकशी सीसीआयने केली. आपल्या विदर्भात सीसीआय म्हटले की कापूस खरेदीचे केंद्र आणि त्यापुढची गाड्यांची रांग डोळ्यांपुढे येते. ही सीसीआय वेगळी, म्हणजे भारतीय स्पर्धा आयोग. एका कंपनीने बाजारातल्या आपल्या बळाचा गैरवापर करू नये, हे पाहणे तिचे काम. फोन कंपन्यांवर गूगलची ॲप एकगठ्ठा लादली जातात, असा निष्कर्ष काढून आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड केला, आणि पाचच दिवसांनी प्ले स्टोअरवर गूगलच्याच व्यवस्थेतून पैसे घेण्याच्या सक्तीबद्दल आणखी ९३६ कोटी ४४ लाखांचा. अपिलात मार्च २०२३ मध्ये पहिला दंड कायम राहिला, पण आयोगाचे काही आदेश रद्द झाले. दुसरा दंड मार्च २०२५ मध्ये सुमारे २१६ कोटी ६९ लाखांवर आला. दंडाच्या आकड्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने जाहीर केले, की भारतात फोन कंपन्यांना तिची ॲप सुटी सुटी घेता येतील आणि नव्या फोनवर शोधयंत्र कोणते हवे ते ग्राहकाला निवडता येईल. इतकी वर्षे ज्याला आपण फोनचा स्वभाव समजत होतो, तो करारातला एक मुद्दा होता आणि तो बदलता येत होता.

चांगला फोन म्हातारा कोण करते?

आता पुन्हा काकाजींच्या फोनकडे येऊ. अँड्रॉइडची नवी आवृत्ती गूगल काढते, पण ती थेट फोनमध्ये येत नाही. आधी चिप बनवणाऱ्या कंपनीने ती आपल्या चिपसाठी जुळवायची, मग फोन कंपनीने आपल्या फोनसाठी, आणि मग ती आपल्यापर्यंत पोहोचायची. या साखळीतल्या कोणीही हात झटकला की फोन त्या आवृत्तीवर कायमचा थांबतो. महाग फोनांसाठी काही कंपन्या आता सात वर्षे सुधारणा देण्याचे वचन देतात. आठ-दहा हजारांच्या फोनला, म्हणजे आपल्या भागात ज्याची सर्वाधिक विक्री होते त्याला, अनेकदा एखाददुसरीच आवृत्ती मिळते. म्हणजे ज्याने पोटाला चिमटा काढून फोन घेतला, त्याचाच फोन आधी थांबतो.

ॲप बनवणाऱ्यांनाही जुन्या आवृत्त्या किती दिवस सांभाळाव्यात हा प्रश्न असतो. जुन्या आवृत्तीतल्या सुरक्षेच्या फटी बुजवलेल्या नसतात आणि तपासणीचा खर्च वाढतो. व्हॉट्सॲपने फेब्रुवारी २०२० मध्ये अँड्रॉइडच्या २.३.७ पर्यंतच्या आवृत्त्या सोडल्या आणि ऑक्टोबर २०२३ पासून किमान ५.० आवृत्ती मागितली. बँकेचे ॲप जुन्या फोनवर चालू न देण्यात ग्राहकाचेही हित असते, हे मी नाकारत नाही. माझा मुद्दा एवढाच आहे, की या सुरक्षिततेचा खर्च साखळीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाने, नवा फोन विकत घेऊन, एकट्याने का उचलावा? युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून असा नियम लागू केला आहे, की स्मार्टफोनची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षे आज्ञावलीच्या सुधारणा दिल्या पाहिजेत. ते फोन बनवणाऱ्या अनेक कंपन्या भारतातही विकतात. तिथे जे जमते, ते इथे जमणार नाही असे मानायला मला कारण दिसत नाही.

एखादा हुशार मुलगा म्हणेल, की जुन्या फोनमध्ये लिनिएजओएससारखी मोफत, नवी आज्ञावली घालू. तसे होते, फोन पुन्हा पळू लागतो. परंतु फोनची मूळ आज्ञावली बदललेली दिसली की बँकांची आणि पैसे देण्याची कित्येक ॲप सुरू व्हायला नकार देतात. वाट आहे, पण बाजाराच्या दिवशी नेमकी बंद.

आपली स्वतःची आज्ञावली का नाही?

प्रयत्न झाले आहेत. आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या एका कंपनीची भारओएस जानेवारी २०२३ मध्ये दाखवण्यात आली. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस ॲपस्टोअर हे भारतीय दुकान सुरू केले, आणि ते मराठीसह बारा भारतीय भाषांत चालते. आज्ञावली लिहिणे अवघड असले तरी ते चांगल्या अभियंत्यांना जमण्यासारखे आहे. ॲपवाल्यांचा बाजार बोलावून आणणे त्याहून कितीतरी अवघड, कारण तिथे विंडोज फोनला आडवा आलेला तोच पेच उभा राहतो.

सरकारी ॲप आणि दोन जीबीचा फोन

खासगी कंपनी आपल्या नफ्याचा विचार करणार, हे धरून चालता येते. सरकारी सेवेला मात्र तो न्याय लावता येत नाही, आणि याबाबतीत महाराष्ट्राला एक कडू अनुभव येऊन गेला आहे. अंगणवाडी सेविकांना २०१९ मध्ये दोन जीबी रॅमचे फोन दिले गेले. रॅम म्हणजे फोनला एका वेळी काम पसरायला मिळणारी जागा, खळ्यासारखी. मार्च २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आले आणि ते या फोनांना पेलवेना; फोन तापत, मध्येच अडकत, शिवाय ॲपची भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या हजारो सेविकांनी ते फोन परत करण्याचे आंदोलन केले. ॲप आखणाऱ्यांनी ते कोणाच्या हातात आणि कसल्या फोनवर चालणार हे आधी पाहिले असते, तर गरोदर बायांची आणि बाळांची वजने लिहिणाऱ्या या बायांवर ती वेळ आली नसती.

ॲपशिवाय सेवा देता येते, याचे दाखलेही आपल्याच देशात आहेत. साध्या बटनांच्या फोनवरून *९९# लावून बँकेचे व्यवहार करता येतात. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केले, त्यात इंटरनेट लागत नाही. ज्या सेवेला कॅमेरा आणि ठिकाण दोन्ही लागतात, तीसुद्धा आता साध्या संकेतस्थळावरून बऱ्याच अंशी देता येते, आणि संकेतस्थळाला रुळांची रुंदी फारशी आडवी येत नाही. ई-पीक पाहणीत दुसऱ्याच्या फोनवरून नोंद करण्याची सोय ठेवली आहे, ती म्हणूनच मोलाची आहे. कोणतेही सरकारी ॲप सक्तीचे करण्यापूर्वी ते किमान कोणत्या आवृत्तीवर आणि किती रॅमवर चालेल हे तलाठी कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहावे, आणि ज्यांच्या फोनवर ते चालणार नाही त्यांची नोंद कुठे होईल तेही त्याखाली लिहावे, अशी माझी मागणी आहे. त्याला एक कागद आणि थोडा डिंक लागेल.

दुकानात काय विचारायचे

काकाजींची नोंद त्या वेळी त्यांच्या पुतण्याच्या फोनवरून झाली. कापूस विकल्यावर त्यांनी नवा फोन घ्यायचे ठरवले आणि आम्ही दोघे दारव्ह्याला गेलो. त्यांनी तीन प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून नेले होते: अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, रॅम किती, आणि सुरक्षेच्या सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळणार. दुकानदार जुना ओळखीचा आणि सरळ माणूस. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्याने तोंडपाठ दिली. तिसऱ्यासाठी त्याने खोके हातात घेतले, सहाही बाजूंनी फिरवून पाहिले, दुसऱ्या कंपनीचे खोके काढून तेही पाहिले. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते दोन्हींवर मोठ्या अक्षरांत होते, बॅटरीचा आकडा होता, किंमत होती. ते वर्ष कुठेच छापलेले नव्हते. काकाजींनी चिठ्ठीवर तिसऱ्या प्रश्नापुढची जागा कोरी ठेवली आणि ती घडी करून फोनच्या पावतीसोबत खिशात ठेवली.